हात पाठीमागे: सहकारी शिक्षकांना मोबाइल-संगणक शिकवताना

महिन्याच्या शिक्षण परिषदेतला एक ठरलेला प्रसंग. केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, ‘तंत्रस्नेही’ सर प्रोजेक्टर लावतात, चाळीस मिनिटांत सात ॲप दाखवतात, सगळे माना डोलावतात आणि चहा येतो. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या सातांपैकी एकही ॲप उघडलं जात नाही. बरीच वर्षं ते सर म्हणजे मीच होतो, त्यामुळे हे कुणाला टोचून म्हणत नाही.

शाळेत ज्यांच्याकडे सगळे “जरा हे बघा ना” म्हणत फोन घेऊन येतात, त्या सरांसाठी आणि बाईंसाठी हा लेख आहे. चुकत-माकत हाती लागलेली पद्धत थोडक्यात अशी: एका बैठकीत एकच काम घ्यायचं. ते शिकणाऱ्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटांनी करायचं. आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या वर्गातल्या मुलांनी त्यातून बनवलेली एक वस्तू आणायची. वस्तू कशीही असो, ती मुलांची हवी.

आधी चिठ्ठ्या

बैठक ठरवण्याआधी प्रत्येकाला कागदाचा कपटा द्या आणि नाव न घालता एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगा: “फोनवरचं किंवा संगणकावरचं कुठलं काम तुम्ही दुसऱ्याकडून करून घेता?” ‘काय शिकायला आवडेल’ असं विचारलं तर परिपत्रकातले शब्द परत येतात. करून घेतलेल्या कामाबद्दल विचारलं की खरं बाहेर येतं. आमच्याकडे मराठी टायपिंग, फोन भरून गेलाय, पासवर्ड आठवत नाही, वर्गातल्या टीव्हीवर लावता येत नाही, अशा चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर लिहिलं होतं, “मुलाला विचारते, तो चिडतो.” त्या दिवशी मी माझी सगळी स्लाइड्सची फाइल बाजूला ठेवली.

आणखी एक गोष्ट मनात धरून चला. बहुतेक शिक्षकांचा तंत्रज्ञानाशी आलेला संबंध ऑनलाइन माहिती भरण्यापुरता आहे. दिवसभर बंद पडणारी आणि रात्री अकराला सुरू होणारी वेबसाइट, शेवटची तारीख, ग्रुपवर ‘तात्काळ’. त्यामुळे फोन समोर आला की कपाळाला आठी पडते. ही आठी आळसाची नाही.

बैठकीची मांडणी

चार ते सहा जण, दीड तास, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. सहापेक्षा जास्त झाले की मागच्या दोघांचा नुसता कार्यक्रम होतो. सुट्टीच्या दिवशी बोलावू नका. लागणारी ॲप आधीच उतरवून घ्यायला सांगा, नाहीतर सहा फोन एकाच हॉटस्पॉटवर लटकतात आणि अर्धा तास त्यातच जातो. वीज जाणार हे धरूनच चला आणि बैठक फोनच्या बॅटरीवर पार पडेल अशी आखा.

एकच नियम फळ्यावर लिहा: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. हा नियम मुख्यतः आपल्यासाठी आहे. समोरचा चुकीचं बटण दाबतो तेव्हा आपली बोटं शिवशिवतात, आपण फोन घेतो, तीन सेकंदांत काम करून परत देतो आणि म्हणतो, “असं करायचं.” त्याला काय दिसलं? अंगठ्याची धावपळ. म्हणून मी उभा राहताना हात पाठीमागे बांधतो. तोंडाने सांगायचं: “वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का? ते दाबा. आता काय आलं ते वाचा.” यातलं ‘वाचा’ सगळ्यांत महत्त्वाचं. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायची सवय लागली की निम्मं शिकवणं संपतं.

पहिली बैठक: घर आवरणं

पहिल्याच दिवशी सर्जनशील वगैरे काही नको. फोन मोकळा करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटाचा भाग असतो. तिथे कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली आहे ते उतरत्या क्रमाने दिसतं. आमच्या एका सरांच्या फोनमध्ये एकट्या सुप्रभाताच्या चित्रांनी जीबी-जीबी जागा अडवली होती आणि ते नवा फोन घ्यायच्या बेतात होते. तिथेच फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करता येतं, तेही करून घ्या. मग ‘शाळा’ नावाचा एक फोल्डर, त्यात इयत्तेप्रमाणे फोल्डर. फाइलला नाव देताना ‘नवीन फायनल 2’ नको, ‘इ4_मराठी_ओवी_जुलै’ असं हवं, म्हणजे मार्चमध्येही सापडतं.

पासवर्डसाठी घरच्या कपाटात ठेवायची एक छोटी वही पुरते. शेजारच्या सरांना ओटीपी सांगून कामं करून घेण्याची पद्धत मात्र इथेच मोडायला सांगा.

दुसरी: मराठी लिहिणं

प्रश्नपत्रिका केंद्रातून येते, आपल्या संगणकावर उघडली की ‘Hkkjr’ छापाचं काहीतरी दिसतं. हा अनुभव नाही असा शिक्षक विरळा. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘भ’ दिसत असला तरी संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसेल तर ती नागडी अक्षरं बाहेर येतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘भ’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कुठेही ‘भ’च राहतो, शोधताही येतो. एवढं दोन मिनिटांत सांगा आणि लगेच हाताला काम द्या.

फोनवर मराठी कीबोर्ड चालू करा. माइकचं चिन्ह दाबून बोललं की टाइप होतं. गूगलने मराठीसाठी ही सोय 2017 मध्ये आणली, पण आजही पुष्कळांना ते चिन्ह दिसलेलं नसतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एका बाईंनी पहिल्यांदा “माझ्या वर्गात एकवीस मुलं आहेत” म्हटलं आणि ते वाक्य पडद्यावर उमटलं, तेव्हा त्या फोनकडे नुसत्या बघत राहिल्या. बोलून लिहिलेल्या मजकुरात विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ हातानेच दुरुस्त करावे लागतात. ही अडचण मला आवडते, कारण वर्गात तोच खेळ होतो: फोनने काय चुकीचं ऐकलं ते मुलांनी शोधायचं.

इथे एक जोडी जरूर करून घ्या: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दुसऱ्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर लागतं. संगणकाच्या इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या) कीबोर्डवर ते शिफ्ट आणि जे दाबून येतं, फोनवर बऱ्याचदा ‘र’ दाबून धरला की मिळतं. ‘सुर्या’, ‘पायर्या’ असे तुटके शब्द फळ्यावर कुणी लिहीत नाही, मग छापील प्रश्नपत्रिकेत का चालवून घ्यावेत?

घरपाठ: वर्गातल्या प्रत्येक मुलाचं एक वाक्य टाइप करून एका पानाचं भित्तिपत्रक.

तिसरी: आवाज

सर्जनशील कामाची सुरुवात बहुतेक जण व्हिडिओने करतात. मी आवाजाने करतो. आवाजाला उजेड लागत नाही, गणवेश लागत नाही, लाजाळू मूलही बोलतं. शिवाय मिनिटभराचं रेकॉर्डिंग साधारण अर्धा ते एक एमबीत मावतं, तर फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला शंभर एमबीच्या आसपास जातो. कमी नेटच्या गावात हा फरक निर्णायक ठरतो.

काम असं द्या: मुलांनी घरी आजीकडून एक ओवी, एक उखाणा किंवा एक हकिकत ऐकून यायची आणि शाळेत ती सांगायची. मिनिटभरच. व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपाऐवजी फोनमधला रेकॉर्डर वापरा, कारण त्यात पुढचा-मागचा भाग कापता येतो.

रेकॉर्डिंग करताना या गोष्टी पाळा. फोन विमान मोडवर टाका. तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’ म्हणताना वाऱ्याचा फटका बसत नाही. बटण दाबल्यावर मनात तीन आकडे मोजून मगच बोलायला लावा, शेवटीही तसंच. कापायला जागा राहते.

राहिली जागा. रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो. टाळी वाजवून बघा, टाळीमागे ‘टण्ण’ असा शेपूट ऐकू आला तर ती खोली नको. आमच्या शाळेतली सगळ्यांत चांगली रेकॉर्डिंगची खोली कुठली निघाली? पोषण आहाराची कोठी! तांदळाची पोती आवाज पिऊन टाकतात. तिसरीतली एक मुलगी पोत्यावर बसून आजीची जात्यावरची ओवी म्हणाली. मागे कुठेतरी कोंबडं आरवलं, ते आम्ही मुद्दाम ठेवलं. पत्र्याची शाळा असेल तर पावसाळ्यात मात्र हा उद्योग नको. नाहीतर पावसाचंच रेकॉर्डिंग करा, तोही पाठच आहे.

तयार झालेले तुकडे परिपाठात स्पीकरवर लावा. आपला आवाज ऐकून मुलं आधी हसतात, मग “परत घेऊ का सर?” विचारतात. वाचन सुधारण्यासाठी मी मुलांच्या मागे लागून जेवढं करून घेतलं नसेल, तेवढं या ‘परत घेऊ का’ने झालं.

चौथी: फोटोंतून हलतं चित्र

वस्तू थोडीशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो भराभर दाखवले की वस्तू चालू लागते. स्टॉप मोशनची मोफत ॲप मिळतात, पण गंमत ॲपमध्ये नाही, मांडणीत आहे. दोन बाकांमध्ये फट ठेवा, फोन त्या फटीवर आडवा टाका, कॅमेरा खाली जमिनीकडे. दोन्ही कडांवर पुस्तकं ठेवून फोन दाबून टाका, तो तसूभरही हलता कामा नये. खिडकीतून येणाऱ्या उन्हात काढू नका, ढग आला की चित्र लुकलुकतं. सेकंदाला सहा फोटो पुरतात, म्हणजे दहा सेकंदांसाठी साठ. पहिल्या वेळी यापुढे जाऊ नका.

विषय असा निवडा की हलण्यातच धडा असेल. आम्ही अपूर्णांक घेतला. कागदाची गोल भाकरी, तिचे चार तुकडे, ते सरकत सरकत एकत्र येतात आणि पूर्ण भाकरी होते, एवढीच गोष्ट. शेवटच्या फोटोला चार तुकडे जुळेनात, मध्ये पाचर राहिली. मुलांनी आधी फोनला दोष दिला. मग एक जण म्हणाला, “सर, हा पाव भाग नाहीच, हा बारीक आहे.” तुकडे नजरेच्या अंदाजाने कापले होते. ‘समान भाग’ हे दोन शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, पण त्या दिवशी मुलांनी भाकरी दुमडून पुन्हा कापली आणि सगळे साठ फोटो नव्याने काढले. शिकणाऱ्या शिक्षकांना ही चूक आधी सांगू नका. त्यांच्या वर्गात ती त्यांना भेटू द्या.

पाचवी: क्यूआर कोड, नेटशिवायसुद्धा

पाठ्यपुस्तकातले कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमधून कसे उघडायचे हे बहुतेकांना येतं. राहतं ते एवढंच, की साहित्य घरी किंवा तालुक्याला चांगल्या नेटवर आधीच उतरवून ठेवायचं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी धडाधड कोड बनवून भिंतींवर चिकटवले. त्यातले बरेच उघडत नव्हते. कारण एकच: ड्राइव्हवरची फाइल ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसेल अशी परवानगीच दिलेली नव्हती. कोड बनवल्यावर तो दुसऱ्याच्या फोनवर तपासायचा, स्वतःच्या फोनवर तो नेहमीच उघडतो.

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट: कोडमध्ये लिंकऐवजी थेट मजकूर भरता येतो आणि तो वाचायला नेट लागत नाही. मुलांनी रचलेली कोडी अशी भरा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे मजकूर लांबला की कोड दाट होतो आणि स्वस्त कॅमेऱ्याला वाचता येत नाही. एक-दोन ओळींवर थांबा. कडुलिंबाला, हापशाला, शाळेच्या घंटेला एकेक कोड चिकटवा. कोडं वाचून पुढची जागा ओळखायची, असा खजिन्याचा खेळ सबंध आवारात होतो आणि एका फोनवर एक गट आरामात खेळतो.

सहावी: मांजर आणि त्रिकोण

संगणक असेल तरच ही बैठक घ्या, पण निम्मी तरी पटांगणात होते. स्क्रॅच हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये मुलांसाठी खुलं केलेलं, ठोकळे जोडून प्रोग्राम लिहिण्याचं मोफत साधन. ते नेट नसतानाही चालेल असं संगणकावर बसवता येतं. पडद्यावरच्या मांजराला सांगायचं: शंभर पावलं चाल, नव्वद अंश वळ, हे चार वेळा कर. चौरस तयार. आता समभुज त्रिकोण काढा म्हणावं.

शिक्षक काय, मुलं काय, सगळे ‘साठ अंश, तीन वेळा’ असं लिहितात. त्रिकोणाचा कोन साठ असतो ना! मांजर मात्र अर्धा षटकोन काढून थांबतं. इथे हात पाठीमागेच ठेवा, उत्तर सांगू नका. सगळ्यांना बाहेर न्या, खडूने जमिनीवर त्रिकोण आखा आणि एका सरांना त्यावरून चालायला लावा. कोपऱ्यावर आल्यावर अंग किती वळतं? सरळ चालत राहिला असता ती दिशा आणि आताची दिशा, यांतलं अंतर 120 अंश. आतला कोन आणि वळण वेगळं, हे पायांना कळतं.

गोष्टी आपल्या बोलीत

यासाठी वेगळी बैठक लागत नाही, भाषेच्या तासाला सुचवून द्या. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रकथा मोफत वाचायला आहेत. तिथल्या गोष्टी मूळ लेखक-चित्रकारांचं नाव देऊन भाषांतरित करायला, बदलायला परवानगी आहे. मुलांनी एखादी गोष्ट अहिराणीत, मालवणीत किंवा घरी जे बोलतात त्यात सांगायची. तिसऱ्या बैठकीतला रेकॉर्डर आणि दुसऱ्या बैठकीतलं टायपिंग इथे एकत्र येतं. प्रमाणभाषेच्या तासाला गप्प बसणारी मुलं इथे शब्दावरून भांडतात.

टीव्हीचा प्रश्न

लोकवर्गणीतून आलेले टीव्ही पुष्कळ शाळांत आहेत आणि त्यांतल्या काहींवर कापड कायमचं आहे. “पेनड्राइव्ह दिसत नाही” ही नेहमीची तक्रार. जुने टीव्ही बहुधा एफएटी-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच वाचतात. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी नक्कल काढून ठेवा. या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, पण आपल्याला ती लागतच नाही. व्हिडिओ एमपी4 ठेवा. फोनवरून पेनड्राइव्हमध्ये टाकायला ओटीजीचा छोटा जोड मिळतो, तो केंद्राने एक घेऊन फिरवला तरी भागतं.

मुलांचे चेहरे

उपक्रम झाला की फोटो स्टेटसला, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही चुकतं असं वाटतच नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पालकसभेत विचारायला काय हरकत आहे? वर्षाच्या सुरुवातीला साध्या मराठीत एक कागद करा: आवाज, फोटो, व्हिडिओ शाळेतच दाखवायचे की बाहेर पाठवायचे, दोन्हींसाठी वेगळी खूण आणि सही. बाहेर जाणाऱ्या फाइलवर मुलाचं पूर्ण नाव, गाव, आधार क्रमांक नको. याद्या ग्रुपवर टाकण्याबद्दलही तेच.

नंतर काय करायचं

शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून घ्या. दोन शाळांनी मुलांनी केलेलं दाखवायचं आणि काय फसलं ते सांगायचं. फसलेलं सांगायची पहिली पाळी आपली. प्रमाणपत्रं देऊ नका, त्यांचा ढीग आधीच सगळ्यांकडे आहे.

जोड्या लावताना नवा आणि अनुभवी शिक्षक एकत्र ठेवा. नव्याला बटणं माहीत असतात, अनुभवी बाईंना मूल कुठे अडखळेल ते माहीत असतं. त्रिकोणाचा घोटाळा खडूने सोडवायची युक्ती माझी नव्हतीच, ती एका बाईंची.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून शिकवण्याचं काम शिकलेल्यांकडे द्या. आमच्याकडे आवाजाची बैठक दुसऱ्या वर्षी त्याच बाईंनी घेतली, ज्यांनी आदल्या वर्षी माइकचं चिन्ह पहिल्यांदा पाहिलं होतं. मी मागच्या बाकावर होतो. एका सरांना कापायचं बटण सापडेना. बाईंनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा न राहवून त्यांचा फोन हातात घेतला आणि सगळी खोली एका सुरात ओरडली, “बाई, हात मागे!”